उसातला उंदीर, गोठ्यातलं घुबड आणि घरातला अबोला

पत्र थोडक्यात असं आहे. वाचक 32 वर्षांचे, नोकरी पुण्यात, गाव सातारा जिल्ह्यात, शनिवार-रविवार गावी जातात. वडील 66 वर्षांचे, अडीच एकर ऊस, थोडा भुईमूग, दोन म्हशी. जुन्या गोठ्याच्या माळ्यावर गव्हाणी घुबडाची जोडी कित्येक वर्षं राहायची, वाचकांनी लहानपणापासून बघितलेली. यंदा उसात उंदीर फार झाले, भुईमुगाच्या शेंगा बिळात गेल्या, म्हणून वडिलांनी कृषी सेवा केंद्रातून ब्रोमॅडिओलोनच्या हिरव्या वड्या आणल्या आणि उसात, गोठ्यात ठेवल्या. दहा-बारा दिवसांनी एक घुबड भरदिवसा गव्हाणीजवळ जमिनीवर बसलेलं सापडलं, उडेना, नाकपुडीशी रक्त, संध्याकाळपर्यंत मेलं. पुढच्या तीन दिवसांत माळ्यावरची दोन पिल्लंही गेली. शेजारी म्हणाले, अपशकुनी पाखरू, गेलं ते बरं. वाचक वडिलांना सगळ्यांसमोर म्हणाले, "तुम्ही खून केलाय." वडील म्हणाले, "घुबडाची दया येते, बापाच्या उसाची नाही येत?" तेव्हापासून तीन आठवडे दोघांत बोलणं नाही, आई मधल्यामध्ये निरोप पोचवतेय. वडिलांच्या हृदयाची झडप काही वर्षांपूर्वी बदललीय, रक्त पातळ ठेवायची गोळी रोज चालू आहे, त्यामुळे वाद वाढवायचीही भीती वाटते. प्रश्न तीन: वडिलांना थांबवायचं कसं, घुबडाला अपाय होणार नाही असं उंदराचं औषध आहे का, आणि वनखात्याकडे तक्रार करावी का. शेवटी एका ओळीत विचारलंय की मेलेली तिन्ही परसात पुरली, ते बरोबर केलं का.

---

दादा, तुमचा दुसरा प्रश्न आधी घेते कारण त्याचं उत्तर एका शब्दात आहे. नाही. उंदीर मरेल आणि उंदीर खाणाऱ्याला काहीच होणार नाही अशी हमी कुठल्याच विषाची देता येत नाही. घुबड उंदीर अख्खा गिळतं, त्याच्या पोटात आणि यकृतात जे काही असेल त्यासकट. कुठलं विष किती टिकतं, कसं मारतं यात फरक आहेत, ते पुढे सांगते, पण "पक्ष्यांना काही होत नाही" असं सांगून कोणी काही हातात देत असेल तर विश्वास ठेवू नका.

आता ही हिरवी वडी नेमकं करते काय, आणि हे तुमच्या घरात सगळ्यात पटकन कोणाला कळेल तर तुमच्या वडिलांनाच. ते दर महिन्या-दोन महिन्यांनी रक्त तपासून आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा, बघत असतील, पालेभाजी एकदम जास्त खाऊ नका असं डॉक्टरांनी त्यांना सांगितलं असेल. झडप बदललेल्यांना बहुतेक वेळा जी गोळी देतात ती आणि ही वडी एकाच घराण्यातल्या आहेत. रक्त गोठायला शरीराला के जीवनसत्त्व लागतं, ते पालेभाजीत भरपूर असतं, आणि ही दोन्ही त्याच जीवनसत्त्वाचं काम अडवतात. 1920 च्या दशकात अमेरिका-कॅनडात क्लोव्हर नावाच्या चाऱ्याचं बुरशी लागलेलं वाळलं गवत खाऊन गुरं आतल्या आत रक्त जाऊन मरायला लागली होती, तिथून शोध लागत लागत 1948 मध्ये वॉरफरिन हे उंदराचं विष म्हणून बाजारात आलं आणि नंतर तेच माणसांना औषध म्हणून देऊ लागले. पुढे काही ठिकाणचे उंदीर वॉरफरिनला दाद देईनात म्हणून त्याहून जहाल दुसरी पिढी आली, ब्रोमॅडिओलोन, ब्रोडिफॅकम वगैरे, तुमच्याकडची वडी त्यातली. वडिलांची गोळी डॉक्टर मिलिग्रॅम मोजून देतात आणि तरी थोडं जास्त झालं की हिरड्यांतून रक्त येतं, अंगावर काळेनिळे डाग पडतात. उंदराला डोस मोजून देणारं कोणी नसतं.

आणि खरी अडचण इथेच आहे. वडी खाल्ल्यावर उंदराला लगेच काही होत नाही, ते मुद्दाम तसंच बनवलंय, कारण एक उंदीर तिथल्या तिथे मेला की बाकीचे सावध होतात. तो चार-पाच दिवस, कधी आठवडाभर हिंडत असतो आणि त्या दिवसांत परत परत येऊन खातो, म्हणजे मरायला जेवढं लागतं त्याच्या कितीतरी पट विष अंगात घेऊन फिरतो. शेवटी सुस्तावतो, उघड्यावर येतो, चाहूल लागली तरी पळत नाही. घुबडाला, धामणीला, मुंगसाला, रानमांजराला रात्रभर धावून जे मिळत नाही ते असं समोर बसलेलं मिळतं. पिल्लं लहान असताना तर गव्हाणी घुबडाचा नर रात्रभर उंदीर आणून देत असतो आणि मादी ते पिल्लांना भरवते, आणि जो उंदीर सोपा तोच आधी घरी येतो. हे विष खाणाऱ्याच्या यकृतात महिनोन्‌महिने राहतं, म्हणून एका उंदराने काही झालं नाही तरी दुसऱ्या-तिसऱ्याने होतं.

भरदिवसा जमिनीवर बसलेलं, न उडणारं, नाकाशी रक्त असलेलं घुबड हे वर्णन याच्याशी जुळतं. तरीही मी "जुळतं" एवढंच म्हणेन, कारण शवविच्छेदन झालेलं नाही, आणि गव्हाणी घुबड एकाच शेतात शिकार करत नाही, आसपासच्या पाच-दहा शेतांवरून फिरून येतं. त्याने खाल्लेला उंदीर तुमच्याच उसातला होता हे तुम्ही सांगू शकत नाही आणि मीही सांगू शकत नाही. त्याच दुकानातून त्याच वड्या तुमच्या बांधाला बांध असलेल्या आणखी किती जणांनी नेल्या असतील? म्हणून तो "खून" शब्द मला जड वाटला. वडिलांना जे दुकानात मिळालं, कायद्याने विकायला परवानगी असलेलं, ते त्यांनी आणलं आणि सांगितलं तसं ठेवलं. पाकिटावरची बारीक अक्षरं वाचणारा शेतकरी मी फार कमी पाहिलाय, आणि शहरात तरी कोण वाचतं. शिवाय आपण सगळेच त्याला "औषध" म्हणतो. औषध टाकलं, औषध मारलं. ज्या गोष्टीला घरात औषध म्हणतात तिची भीती कशी वाटणार?

तुमच्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली दिसली, की वडिलांना घुबडाचं काही वाटत नाही. पण ती जोडी त्यांच्याच गोठ्यात, त्यांच्याच डोक्यावर इतकी वर्षं राहिली ना? अपशकुन म्हणून हाकलायचं असतं तर माळा कधीच बंद केला असता, एक पत्रा ठोकायचं काम होतं. नावातच गव्हाण असलेलं हे पाखरू माणसाच्या आणि गुरांच्या सोबतीने राहत आलंय आणि ज्याने त्याला राहू दिलं तो माणूस तुम्ही म्हणता तेवढा कठोर नसावा. ते जे बोलले ते मला उलट सुलट करून पाहिल्यावर असं ऐकू आलं, की तू आठवड्याला दोन दिवस येतोस, घुबड बघतोस आणि जातोस, ऊस मी बघतो. हे कडू आहे पण खोटं नाही. उंदराने बुडख्याशी कुरतडलेला ऊस वाळतो, लोळतो, वजन जातं, आणि भुईमुगाच्या शेंगा बिळात भरल्या की काढणीला काय उरतं ते तुम्हाला माहिती आहेच. या नुकसानाबद्दल तुमच्या पत्रात एकच ओळ आहे. घुबडाबद्दल दीड पान.

तर थांबवायचं कसं याचं माझं उत्तर, आधी विचारा. वड्या टाकून उंदीर कमी झाले का, हे खरंच विचारा, टोमणा म्हणून नाही. मला वाटतं उत्तर असं येईल की पंधरा-वीस दिवस कमी वाटले आणि आता परत दिसायला लागलेत. कारण उंदराची मादी तीन आठवड्यांत पिल्लं घालते, एका वेळी सहा-आठ, आणि ती पिल्लं दोन-तीन महिन्यांत स्वतः व्यायला लागतात. बाजूच्या शेतातले उंदीर मोकळी बिळं बघून येतात ते वेगळंच. घुबडाचं एक पिल्लू मात्र महिनाभर अंड्यात आणि दोन महिने घरट्यात असतं तेव्हा कुठे उडतं. म्हणजे वडीने दोघंही मरतात, पण उंदीर महिन्यात भरून निघतो आणि घुबड दोन वर्षांतही येईल याची खात्री नाही, आणि मधल्या काळात उंदीर खाणारं कोणी नसतं.

दुसरं विचारायचं ते गिधाडांबद्दल. तुमच्या वडिलांच्या वयाच्या माणसाने गावाबाहेर मेलेल्या जनावरावर उतरलेली गिधाडं नक्की पाहिली असणार, मी लहानपणी पाहिलीत, पंखांचा तो आवाज अजून कानात आहे. मग ती कुठे गेली? जनावरांना दुखण्यावर डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन द्यायचे, ते जनावर मेलं की गिधाडं ते मांस खायची आणि त्यांच्या किडन्या निकामी व्हायच्या. जनावरांसाठी ते औषध 2006 मध्ये बंद झालं तोवर गिधाडं जवळजवळ संपली होती. त्यात कोणा शेतकऱ्याने गिधाड मारायचं ठरवलं नव्हतं, म्हैस बरी व्हावी म्हणूनच डॉक्टर बोलावला होता. हे वडिलांना सांगताना तुमच्या आवाजात दोष नसेल तर ते ऐकतील असं मला वाटतं.

आणि तिसरी गोष्ट, बोलण्यापेक्षा ती करून बघा. माळ्यावर घुबडाच्या बसण्याच्या जागेखाली काळपट, अंगठ्याएवढ्या वाळलेल्या गोळ्या पडलेल्या असतील. ती विष्ठा नसते, घुबड न पचलेली हाडं आणि केस तोंडावाटे गोळी करून टाकतं. नाकातोंडाला रुमाल बांधा, हातमोजे घाला, त्या गोळा करा, थोडा वेळ कोमट पाण्यात भिजवा आणि सुईने उघडा. आत उंदरांच्या कवट्या निघतात, पिवळसर पुढच्या दातांसकट, एका गोळीत दोन-तीनही निघतात. बसून मोजा. शक्य असेल तर वडिलांसमोर मोजा, काही न बोलता. त्यांना हिशोब कळतो, अडीच एकर त्यांनी हिशोबावरच चालवलंय.

आता उंदरांचं करायचं काय, कारण नुसतं "विष नको" म्हणून उठून जाणं हा त्यांच्यावर अन्याय होईल. पहिलं काम बांधावर. रुंद आणि गवत माजलेला बांध म्हणजे उंदरांची वसाहत, तो जमेल तेवढा अरुंद करा आणि स्वच्छ ठेवा. संध्याकाळी दिसतील ती सगळी बिळं मातीने बुजवा, सकाळी जी उकरलेली दिसतील तीच चालू बिळं, काम तेवढ्यांवरच करायचं. पिंजरे आणि चाप लावा, जुने वाटतात पण गोठ्यात आणि घराभोवती त्यांच्याइतकं चांगलं काही नाही, फक्त रोज बघायचे आणि पहिले दोन-तीन दिवस चाप न ताणता नुसतं खाणं ठेवायचं म्हणजे उंदीर बिचकत नाहीत. कडब्याची गंज जमिनीला टेकलेली नको, पेंड आणि धान्य पत्र्याच्या कोठीत. ऊस लोळला की आत शिरता येत नाही आणि तिथेच उंदीर राज्य करतात, म्हणून जे करायचं ते ऊस उभा आणि मोकळा असतानाच. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे मे-जूनमध्ये, रानं मोकळी असताना, आजूबाजूच्या सगळ्यांनी मिळून एकाच आठवड्यात करायला हवं, नाहीतर तुमच्या रानातले उंदीर शेजारी जातात आणि पेरणी झाली की परत येतात. हे वडिलांनी चार शेजाऱ्यांना सांगितलं तर होईल, तुम्ही सांगून होणार नाही.

तरीही एखाद्या वर्षी उंदीर हाताबाहेर गेले आणि विषाशिवाय इलाज नाही असं वडील म्हणाले तर? काही पक्षीप्रेमी माझ्यावर रागावतील पण मी त्यांना सरसकट चूक म्हणणार नाही. काळी पावडर मिळते ती झिंक फॉस्फाईड, तिचा वायू पोटात तयार होऊन उंदीर काही तासांत मरतो आणि ती वडीसारखी यकृतात साठत नाही, त्यामुळे घुबडाला धोका तुलनेने कमी. पण ती धान्यात मिसळतात आणि ते धान्य उघड्यावर पडलं तर मोर, पारवे, तितर, चिमण्या थेट तेच खाऊन मरतात, गावातली कुत्रीही, आणि तिच्यावर उतारा नाही. म्हणून कुठलंही विष असो, फक्त चालू बिळाच्या आत, खोल, वरून बीळ बुजवून, उघड्यावर दाणासुद्धा नाही, गोठ्यात-घरात अजिबात नाही. नंतर रोज सकाळी फेरी मारून मेलेले आणि सुस्त उंदीर उचलायचे आणि खोल पुरायचे, उरलेलं विष मोजून परत घ्यायचं. ही सकाळची फेरी कोणीच मारत नाही. धान्याला कीड लागू नये म्हणून ठेवायच्या गोळ्या काही जण घरातल्या बिळात टाकतात, ते तर कधीच करू नका, त्या वायूने झोपलेली माणसं गेलेली आहेत. गोंदाच्या पट्ट्याही नकोत, त्यावर साप, सरडे, पक्षी चिकटून तडफडतात. आणि कुत्र्याने किंवा मांजराने वडी खाल्ली असेल तर लक्षणांची वाट न बघता त्याच दिवशी पाकिटासकट जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या, के1 जीवनसत्त्वाचे उपचार असतात पण ते आठवडेच्या आठवडे द्यावे लागतात.

घुबडाच्या पेटीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही पण विचाराल, म्हणून सांगते. साधारण दोन फूट लांब, दीड फूट रुंद आणि तेवढीच उंच लाकडी पेटी, एका बाजूला सहा इंचाचं भोक, बारा-पंधरा फुटांवर, आत पाऊस येणार नाही अशी. शेतात टी आकाराचे पक्षीथांबे रोवा, त्यावर रात्री घुबड, पिंगळा बसतो आणि दिवसा कापशी घार. इस्रायलमध्ये 1980 च्या दशकापासून शेतात गव्हाणी घुबडांच्या पेट्या लावतायत, पुढे शेजारच्या जॉर्डनमधले शेतकरीही त्यात आले. आपल्याकडे पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरी गावात 2018 पासून इला फाउंडेशनने उलूक उत्सव सुरू केला, शाळेची पोरं घुबडाची चित्रं काढतात. पण दोन गोष्टी. घुबड आलं की उंदीर संपतात असं कोणी सांगितलं तर मानू नका, ते उंदीर कमी ठेवायला मदत करतं, बाकीचं काम आपलंच. आणि वड्या चालू ठेवून पेटी लावणार असाल तर कृपा करून लावू नका, तुम्ही नवीन जोडीला बोलावून त्याच ताटावर बसवाल. तुमच्या माळ्यावरचं दुसरं घुबड जिवंत असेल तर आधी त्याच्यासाठी गोठ्यातल्या सगळ्या वड्या आजच उचला, आई उचलेल, हातमोजे घालून. रिकामी पेटी भरायला वर्ष-दोन वर्षंही लागतात, कुठून पकडून आणायचं नाही, घुबडांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे.

तेवढ्यावरून तक्रारीचं. घटना कळवणं वेगळं आणि बापाविरुद्ध अर्ज करणं वेगळं. पुन्हा असं सुस्त किंवा मेलेलं घुबड दिसलं तर वनखात्याच्या 1926 या हेल्पलाईनला फोन करा, जिवंत असेल तर पुठ्ठ्याच्या खोक्यात हवेला भोकं पाडून, अंधारात, शांत ठेवा, पाणी-खाणं तोंडात कोंबू नका. मेलेलं असेल तर शवविच्छेदन करता का ते विचारा, म्हणजे "जुळतं" वर थांबावं लागणार नाही. वडिलांवर कारवाई व्हावी म्हणून फोन करणार असाल तर मात्र मी थांबा म्हणेन. उद्या त्यांच्या शेजाऱ्याला घुबड सापडलं तर तो ते गुपचूप पुरेल, एवढंच होईल.

शहरातल्या वाचकांनी हे गावाकडचं प्रकरण समजू नये. न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातून फेब्रुवारी 2023 मध्ये सुटलेलं फ्लॅको नावाचं मोठं घुबड वर्षभर त्या शहरात उंदरांवर जगलं आणि फेब्रुवारी 2024 मध्ये गेलं, तपासणीत कबुतरांचा विषाणू निघाला आणि सोबत उंदरांच्या चार प्रकारच्या विषांचे अंश. तुमच्या सोसायटीत दर तीन महिन्यांनी जे काळे डबे ठेवून जातात त्यात काय आहे ते एकदा पेस्ट कंट्रोलवाल्याला लेखी विचारा, आणि त्याआधी ओल्या कचऱ्याच्या डब्यांना झाकणं आहेत का ते बघा.

शेजाऱ्यांच्या अपशकुनावर भांडू नका. आमच्याकडे जुनी माणसं सांगायची की घुबडाला दगड मारला तर ते तो दगड उचलून पाण्यात नेऊन ठेवतं, आणि तो जसजसा झिजतो तसतसा मारणारा झिजतो. घाबरून का होईना, कोणी दगड मारायचं नाही. तुमच्या आईला हे माहीत असेल, त्यांना बोलू द्या. आणि या शनिवारी गेलात की पहिलं वाक्य घुबडाचं नको. गोळी वेळेवर घेताय का, आयएनआर किती आला, हे विचारा आणि उसात एक चक्कर त्यांच्याबरोबर मारा. सगळ्यांसमोर बोललेल्या शब्दाची माफीही सगळ्यांसमोर मागा, घुबडाबद्दलचं मत न बदलता मागता येते.

पुरलंत ते ठीक केलंत, उकिरड्यावर टाकली असती तर कुत्र्या-कावळ्यांनी खाल्ली असती. फक्त खड्डा किती खोल आहे ते बघा, दोन-अडीच फुटांपेक्षा कमी असेल तर वर आणखी माती घाला आणि एखादा जड दगड ठेवा, मुंगूस उकरतं.